लाल शाईतली पतिव्रता

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात प्रोजेक्टरमधून एक चित्र भिंतीवर पडलं आणि त्यावरून जुंपलेली खडाजंगी अजून शमलेली नाही. चित्र पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच हस्तलिखितातलं. उंची झगा घातलेली, राजघराण्यात शोभेल अशी एक बाई पेटता निखारा तोंडाशी नेते आहे. ही पोर्शिया. सीझरचा कट्टर विरोधक केटो याची मुलगी, सीझरच्या मारेकऱ्यांतल्या ब्रूटसची बायको. इसवी सनपूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईनंतर ब्रूटस गेल्याची बातमी आली, जवळच्यांनी तिच्या हाती शस्त्र लागू दिलं नाही, तेव्हा तिने जळते निखारे गिळले, अशी कथा. चित्र पडल्या पडल्या एक काका म्हणाले, "बघा, पातिव्रत्य काही आपल्याकडेच नव्हतं. सगळ्या जगात होतं. आता कुठेच उरलं नाही, एवढाच फरक." त्यावर मागून एक ताई उसळल्या, "अहो, ही जाहिरात आहे. जळून मरा, मग तुम्हाला सोनेरी चौकटीत बसवतो, असं सांगणारी." झालं. खोलीची दोन गावं झाली.

दोन्ही गावांत थोडं थोडं खरं होतं. पण दोन्ही बाजू ज्यावर भांडत होत्या, ते चित्र नव्हतंच. ते चित्राचं शीर्षक होतं. या हस्तलिखितांत प्रकरणाच्या वर, चित्राच्या जवळ, लाल शाईत मथळा लिहायची पद्धत होती. आपल्या पोथ्यांत अध्यायाच्या अखेरचं 'इति श्री' हिंगुळाने उठवत, तसंच. आणि या लाल मथळ्यात बहुतेकदा एवढंच असतं, की अमुक तमुक बाईच्या पतिनिष्ठेविषयी. माझं म्हणणं असं, की हा मथळा वेष्टनासारखा आहे. आतला माल वेगळा आहे. रोमच्या या 'पतिव्रतां'च्या गोष्टी नीट वाचल्या तर त्यांतल्या बऱ्याच जणी असं काही करताना दिसतात, जे बायकोने करावं अशी तिथे कुणाचीही अपेक्षा नव्हती, आणि पुष्कळदा जे करणं हा गुन्हा होता. फरार माणसाला लपवणं. आईचा पहारा चुकवून समुद्र ओलांडणं. राजकीय कटात आपला वाटा मागणं. बाईच्या अंगच्या या धैर्याला सरळ नाव द्यायची त्या समाजाची तयारी नव्हती, म्हणून त्यावर नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली गेली. चिठ्ठीला नमस्कार करणारे आणि चिठ्ठी टराटरा फाडणारे, दोघेही चिठ्ठीपाशीच थांबतात.

या गोष्टी चित्रकारांपर्यंत आल्या कुठून? मुख्यतः व्हलेरियस मॅक्सिमस नावाच्या रोमन लेखकाकडून. त्याने इसवी सन ३१ च्या सुमारास, सम्राट टायबेरियसच्या काळात, दृष्टांतांचा एक मोठा संग्रह केला. भाषण करणाऱ्याला आयते दाखले मिळावेत हा हेतू. कीर्तनकाराची वही म्हणा ना. मध्ययुगात या वहीच्या शेकड्यांनी नकला झाल्या. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्यासाठी १३७५ मध्ये तिचं फ्रेंच भाषांतर सुरू झालं आणि ते १४०१ मध्ये ड्यूक ज्याँ द बेरीसाठी पुरं झालं. दरम्यान इटलीत बोकाचो या लेखकाने १३६१-६२ मध्ये १०६ प्रसिद्ध स्त्रियांची चरित्रं लिहिली, त्यांचंही १४०१ मध्ये फ्रेंच झालं, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या सचित्र प्रती बर्गंडीच्या आणि बेरीच्या ड्यूकांच्या कपाटांत जाऊन बसल्या. चर्मपत्र, सोन्याचा वर्ख, महागडा निळा रंग. गरिबाघरची पोथी ही नव्हे.

आता व्हलेरियसच्या वहीतलं 'बायकांची नवऱ्यांवरची निष्ठा' हे छोटंसं प्रकरण उघडू. त्यात तीनच बायका आहेत. पहिलीकडे शेवटी येतो, कारण ती अवघड आहे. दुसरी तुरिया, तिसरी सुल्पिकिया. दोघींचा काळ इसवी सनपूर्व ४३ चा: सीझरच्या खुनानंतर ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस या तिघांनी शत्रूंच्या याद्या लावल्या तो. यादीत नाव आलं की माणूस संपला. कुणीही मारावं आणि बक्षीस घ्यावं. लपवणाऱ्याचं नावही त्याच यादीत जाणार. सुल्पिकियाचा नवरा लेंट्युलस सिसिलीला पळाला. जावई तर गेला, निदान मुलगी वाचावी म्हणून आईने तिच्यावर कडक पहारा ठेवला. सुल्पिकियाने दासीचा वेश केला, दोन दासी आणि दोन गुलाम बरोबर घेतले आणि चोरून नवऱ्याला गाठलं. तुरियाने नवऱ्याला शयनघराचं छत आणि छप्पर यांच्यामधल्या पोकळीत ठेवलं आणि जिवंत राखलं. यात 'आज्ञाधारकपणा' नेमका कुठे आहे? सुल्पिकिया आईचं ऐकत नाही आणि सरकारचंही ऐकत नाही. तुरिया तर राजधानीत बसून राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकते. हेच काम एखाद्या पुरुषाने मित्रासाठी केलं असतं तर मथळा 'शौर्य' असा पडला असता. बाईने केलं म्हणून 'निष्ठा'.

वेलियस पाटेर्क्युलस हा व्हलेरियसचाच समकालीन. त्याने त्या याद्यांच्या दिवसांचा ताळेबंद एका वाक्यात मांडलाय: बायकांची निष्ठा सर्वांत जास्त दिसली, मुक्त केलेल्या गुलामांची मध्यम, गुलामांची थोडीफार, आणि मुलग्यांची अजिबात नाही. हे वाक्य वाचलं की मला नेहमी हसू येतं, आणि मग येत नाही. वारसाला घाई असते, हे रोमन लोकांना कुणी सांगायला नको होतं.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. ताईंचा 'जाहिरात' हा शब्द फेकून देण्यासारखा नाही. १३९३ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका वयस्क नवऱ्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोसाठी घरसंसाराचं एक पुस्तक लिहिलं. बाग कशी लावावी, मासे कसे शिजवावेत, पिसवा कशा घालवाव्यात आणि नवऱ्याशी कसं वागावं, सगळं एकाच दमात. वागण्याच्या भागात बलात्कारानंतर स्वतःला संपवणारी रोमन ल्युक्रेशिया येते, आणि नवऱ्याने छळून छळून परीक्षा पाहिलेली, तरी तोंडातून शब्द न काढणारी ग्रिसेल्डाही येते. म्हणजे या कथा पोरवयाच्या मुलींना वळण लावायला वापरल्या जात होत्या, यात वाद नाही. दुसरंही मान्य करायला हवं: निष्ठेचा पुरावा बाईच्या शरीरावरच का मागायचा? पोर्शियाच्या तोंडात निखारा. रोमन सेनापती पॉम्पीची बायको ज्युलिया नवऱ्याचे रक्ताळलेले कपडे बघून कोसळली आणि तिचा गर्भ गेला; रक्त नवऱ्याचं नव्हतंच. कारियाची राणी आर्टेमिसिया नवऱ्याची राख पेयात मिसळून पिते. चित्रकारांना हेच क्षण आवडले, कारण ते एका चौकटीत मावतात. छतात आठवडेच्या आठवडे माणूस लपवून ठेवण्याचं चित्र काढणार कसं?

पण याच पॅरिसच्या नवऱ्याचं पुढचं कुणी वाचतं का? ग्रिसेल्डाची गोष्ट सांगून झाल्यावर तो बायकोला सांगतो, की मी तुझ्याकडून असं काही मागत नाही, माझी तेवढी लायकी नाही, आणि गोष्टीतला क्रूरपणा मलाही जास्तच वाटतो. जाहिरात छापणारा स्वतःच जाहिरातीखाली बारीक अक्षरांत माघार घेतो. नुसत्या जाहिरातीत असं होत नाही. तिथे काहीतरी खटकत होतं, आणि खटकतंय हे लिहून ठेवण्याइतका तो माणूस प्रामाणिक होता.

काकांच्या बाजूला माझा प्रश्न याहून साधा आहे. 'तेव्हा होतं' म्हणजे नक्की कधी? ज्या ऑगस्टसच्या (म्हणजे मघाच्याच ऑक्टेव्हियनच्या) राजवटीला जुन्या कुटुंबसंस्थेचा एवढा पुळका होता, तिच्याच विवाहकायद्यांनी विधवांना पुन्हा लग्न करायला भाग पाडलं. इसवी सनपूर्व १८ च्या कायद्याने एक वर्षाची सवलत दिली, इसवी सन ९ च्या कायद्याने ती दोन वर्षांवर नेली. एकाच पतीची असं स्मारकावर कौतुकाने कोरायचं आणि कायद्याने दुसऱ्या बोहल्यावर चढवायचं, हे तिथे गुण्यागोविंदाने चाललं होतं. याच काळातला एक लांबलचक शिलालेख तुकड्यातुकड्यांत सापडला आहे. एका नवऱ्याने मेलेल्या बायकोला उद्देशून कोरलेला. एकेकाळी हीच ती तुरिया असं मानत. आता तसं खात्रीने कुणी म्हणत नाही. नवरा म्हणतो, आपला संसार एवढी वर्षं टिकला आणि घटस्फोटाने न मोडता मृत्यूने संपला, असं क्वचितच घडतं. हे 'क्वचितच' काकांना वाचून दाखवावंसं वाटतं. त्या बाईने आईवडिलांच्या खुन्यांना शिक्षा होईपर्यंत पाठपुरावा केला. फरार नवऱ्याच्या माफीसाठी लेपिडसच्या पायांवर गेली, तिथे तिला फरफटवलं, मारलं, तरी ती ओरडून ओरडून ऑक्टेव्हियनच्या हुकमाची आठवण देत राहिली. मूल होत नव्हतं तेव्हा 'तुम्ही दुसरी करा, मी बाजूला होते' असं तिने सुचवलं, आणि नवरा संतापला. दगडावर कोरायच्या गोष्टी निवडताना त्याने लोकर कातण्याचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. बाकी सगळा दगड तिच्या पराक्रमाला. मध्ययुगातल्या कुठल्याही चित्रकाराला हा शिलालेख माहीत नव्हता. त्यांच्या हाती फक्त छत आणि छप्पर होतं.

आणखी एक गंमत. व्हलेरियसकडे 'दांपत्यप्रेम' असं वेगळं प्रकरण आहे. त्यात पाच रोमन दाखले आहेत, आणि त्यांतले पहिले तिन्ही पुरुषांचे. टायबेरियस ग्रॅकसच्या घरात सापांची जोडी सापडली. ज्योतिष्याने सांगितलं, नर सोडलास तर बायको लवकर मरेल, मादी सोडलीस तर तू. ग्रॅकसने नर मारवला आणि स्वतःचा मृत्यू पत्करला. बायको कॉर्नेलिया जगली. दुसऱ्याने बायको गेल्याचं ऐकून तलवार छातीत घातली. तिसऱ्याने बायकोच्या चितेवर तिला शेवटचं कवटाळताना स्वतःला संपवलं. दोघांना एकत्रच जाळलं. पत्नीव्रताची यादी आधी येते, पतिव्रतांची नंतर! मग पुढच्या काळात ही यादी बायकांच्या नावे कशी चढली? बोकाचोने फक्त स्त्रियांची चरित्रं निवडली तेव्हा ज्युलिया आणि पोर्शिया पुस्तकात आल्या, ग्रॅकस बाहेर राहिला. त्यात कपट नव्हतं, विषयच तसा होता. पण परिणाम असा, की घरोघरी दाखवायला जी चित्रं उरली त्यांत जोडीदारासाठी मरणं हे बायकांचंच काम झालं.

ल्युक्रेशियाची गोष्ट याच चष्म्यातून पाहिली की वेगळीच दिसते. आर्डिया या शहराच्या वेढ्यात, दारूच्या बैठकीत, नवरे आपापल्या बायकांची फुशारकी मारत होते. मग पैज लागली, सगळे घोड्यांवर बसून बायकांना अचानक गाठायला निघाले. राजघराण्यातल्या सुना मेजवानीत सापडल्या. ल्युक्रेशिया रात्री दासींबरोबर लोकर कातत बसलेली. नवरा जिंकला. आणि त्याच भेटीत राजपुत्र सेक्स्टसची नजर तिच्यावर पडली. म्हणजे या शोकांतिकेची सुरुवात कुठे आहे? नवऱ्याने बायकोचं पातिव्रत्य करंडकासारखं मित्रांपुढे मिरवण्यात. पुढे बलात्कार, मग वडील आणि नवऱ्याला बोलावून तिचा सूडाचा आदेश, आणि सुरा. परंपरेनुसार इसवी सनपूर्व ५०९. रोममधली राजेशाही गेली ती यावरून. इथे मला एक साक्ष काढायची आहे, ती कुणा आधुनिक बाईची नाही. संत ऑगस्टीनची. इसवी सन ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, बायकांवर अत्याचार झाले, आणि लोक विचारू लागले, या ल्युक्रेशियासारख्या का मेल्या नाहीत? ऑगस्टीनने विचारलं: ती व्यभिचारी असेल तर तिची स्तुती का करता, आणि निष्पाप असेल तर तिला मारलं का? सोळाशे वर्षं झाली या प्रश्नाला. आपल्याकडे अजून बातमी आली की पहिला प्रश्न पीडितेला विचारतात.

हस्तलिखितांतली ल्युक्रेशिया बहुतेकदा अंगभर कपड्यांत असते, भोवती पुरुष उभे, ती भर दरबारात फिर्याद मांडावी तशी. सोळाव्या शतकात जर्मन चित्रकार क्रानाखने तिला कित्येकदा रंगवलं तेव्हा ती एकटी आहे, नग्न आहे, आणि सुरा हे निमित्त आहे. तीच कथा, तोच क्षण. 'जुन्या चित्रांनी बाईला वस्तू केली' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या दोन्हींचा क्रम एकदा तपासावा. जुनं चित्र तिला साक्षीदार म्हणून उभं करतं, नवं तिला बघायला ठेवतं.

या सगळ्यात एक बाई अशी होती की जिने हे मथळे खोडून स्वतःचे लिहिले. क्रिस्तीन द पिझां. जन्म व्हेनिसचा, १३६४ चा. पंचविशीत विधवा, पदरी तीन मुलं, नवऱ्याच्या येणी-वारशासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. लेखणीवर घर चालवलं. १४०५ मध्ये तिने स्त्रियांच्या नगरीची कल्पना मांडली आणि याच पोर्शिया, ज्युलिया, सुल्पिकिया विटांसारख्या वापरल्या. फ्रान्सची राणी इझाबो हिला दिलेली तिच्या ग्रंथांची प्रत आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या नगरीच्या पहिल्या चित्रात डावीकडे क्रिस्तीन पुस्तकांपुढे उभी आहे, समोर तीन मुकुटधारी देवता, एकीच्या हाती आरसा, एकीच्या पट्टी, एकीच्या मापाचं भांडं. उजवीकडे मात्र सगळं बदलतं: लांब झग्यांतल्या दोन बायका भिंत रचताहेत. गवंड्याची थापी, चुना, वीट. कुणी मरत नाहीये, कुणी रडत नाहीये. आणि पोर्शियाचं क्रिस्तीन काय करते बघा. 'बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही' या आरोपाला उत्तर म्हणून ती तिला उभी करते: सीझरला मारण्याचा बेत पोर्शियाला ठाऊक होता, आणि तो फुटला नाही. (हा आरोप आपल्याला नवा नाही. युधिष्ठिराने बायकांना हाच शाप दिला, तोही कुंतीने गोष्ट पोटात फारच पक्की ठेवली म्हणून!) ग्रीक चरित्रकार प्लुटार्ककडे तर पोर्शिया नवऱ्याला बजावते, की मी केटोची मुलगी, तुझ्या घरी नुसती अंथरुणाची आणि जेवणाची सोबतीण म्हणून आलेली नाही, तुझ्या सुखदुःखात वाटेकरी म्हणून आले आहे. निखाऱ्यांबद्दल त्याला शंकाही आहे. ती ब्रूटसच्या आधीच, आजारपणाला कंटाळून मरण पत्करून गेली असं सांगणारं ब्रूटसचं एक पत्र तो नोंदवतो. म्हणजे आमच्या भिंतीवर पडलेला प्रसंग कदाचित घडलाच नव्हता. बोलणं मात्र तिच्या तोंडी शिल्लक आहे.

व्हलेरियसच्या वहीत एका कोपऱ्यात आपणही आहोत. परंपरागत चालीरीतींच्या प्रकरणात तो भारतीय बायकांबद्दल लिहितो: नवरा मेला की त्याच्या बायकांत चढाओढ लागते, त्याची सर्वांत लाडकी कोण, जिंकलेली हसतमुखाने चितेवर चढते, हरलेल्या दुःखात मागे जगत राहतात. स्वतः न पाहिलेल्या देशाबद्दल ऐकीव माहितीवर लिहिलेल्या या ओळी फ्रेंच भाषांतरासह शतकानुशतकं वाचल्या गेल्या. चितेवरचं ते हसू कुणी जवळून पाहिलं होतं, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. आणि आपण तरी काय करतो? शहाजीराजे गेल्यावर जिजाऊंना सती जाण्यापासून शिवाजी महाराजांनी परावृत्त केलं, हे अभिमानाने सांगतो, आणि थेऊरला १७७२ मध्ये माधवरावांबरोबर गेलेल्या रमाबाईंच्या स्मारकापुढेही तितक्याच भक्तीने हात जोडतो. सावित्रीचंही तेच. वडिलांसमोर, नारदासमोर स्वतःच्या निवडीवर ठाम राहणारी, यमाला वादात गुंतवून नवरा परत आणणारी मुलगी; आणि आपण तिच्या नावाने वडाला सूत गुंडाळतो.

राहिली पहिली बाई. तर्शिया एमिलिया, थोरल्या स्किपिओची बायको. हॅनिबलला हरवणारा हा सेनापती घरातल्या एका दासीशी संबंध ठेवून होता. एमिलियाला कळलं. ती गप्प राहिली. जग जिंकणाऱ्याला एका बाईने आरोपी करणं बरं दिसणार नाही, असं व्हलेरियसचं स्पष्टीकरण. स्किपिओ गेल्यावर तिने त्या दासीला मुक्त केलं आणि आपल्या एका मुक्त गुलामाशी तिचं लग्न लावून दिलं. बोकाचोने या शांतपणाची स्तुती केली, क्रिस्तीननेही केली. इथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो हे मला ठाऊक आहे. हे धैर्य नव्हे, हे गिळणं आहे. आमच्या गटात काका या गोष्टीवर खूश झाले, ताई चिडल्या, आणि तासभर एमिलियाचीच चर्चा झाली: तिने बोलायला हवं होतं का, तिची घुसमट, तिचा मोठेपणा. त्या दासीविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. ती गुलाम होती. स्किपिओला 'नाही' म्हणायची तिला सोयच नव्हती. पुढचं लग्न तिला हवं होतं का, हेही कुणी विचारल्याची नोंद नाही.

मग तुरियाच्या घरात परत जावंसं वाटतं. व्हलेरियस सांगतो, नवरा छतात आहे हे तुरियाखेरीज आणखी एका जिवाला ठाऊक होतं: घरातल्या एका दासीला. याद्यांबरोबर जाहीर झालेली बक्षिसं इतिहासकार अ‍ॅपियनने नोंदवली आहेत. यादीतल्या माणसाचं डोकं आणून देणाऱ्या गुलामाला १०,००० ड्राख्मा, आणि गुलामीतून सुटका. तिला फक्त दाराबाहेर जाऊन बोट वर करायचं होतं. ती गेली नाही. व्हलेरियसने तिचं नाव दिलेलं नाही.